दोन प्रजाती, तीन पेट्या: एकाच टेरॅरियममध्ये पाली, सरडे आणि बेडूक एकत्र ठेवताना

एकाच काचपेटीत दोन प्रजाती ठेवायच्या तर तीन पेट्या लागतात. एक मोठी, दोघांची मिळून. उरलेल्या दोन साध्या, एकेकाच्या. त्या दोन पेट्यांत आधी क्वारंटाइन होतं, आणि पुढे कधी बिनसलं तर त्याच उपयोगी पडतात. जागा वाचेल, दिव्यांचा खर्च अर्धा होईल म्हणून कुणी एकत्र ठेवायच्या विचारात असेल, तर तो विचार इथेच सोडावा. वाचत काहीच नाही. मोठ्या प्राणिसंग्रहालयांत एका दालनात सरडे, कासवं आणि बेडूक गुण्यागोविंदाने नांदताना दिसतात. पण त्या दालनामागे पाहुण्यांना न दिसणाऱ्या पेट्यांची रांग असते आणि हाकेच्या अंतरावर पशुवैद्य असतो.

नवख्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक प्रजाती निदान दोन वर्षं नीट सांभाळावी, ती निरोगी असताना कशी बसते, कशी खाते, आजारी पडू लागली की त्यात काय फरक पडतो, हे नजरेत बसू द्यावं. हे प्राणी दुखणं लपवण्यात पटाईत असतात. एकटा असताना दिसणारं दुखणं गर्दीत तर आणखी उशिरा दिसतं.

आणि हो, 'त्याला सोबत हवी' हे कारण बाजूला ठेवा. बहुतेक पाली, सरडे आणि बेडकांना सोबतीची गरज नसते. दोन बिअर्डेड ड्रॅगन सरडे एकमेकांच्या पाठीवर चढून बसले की लोक कौतुकाने फोटो काढतात. प्रत्यक्षात वरच्याने खालच्याची ऊब आणि अतिनील प्रकाश अडवलेला असतो.

आधी नको त्या जोड्या बाद करा

पहिली कसोटी तोंडाची. जे तोंडात मावतं ते अन्न, हा नियम जवळपास सगळ्यांना लागू पडतो. पॅकमन फ्रॉग स्वतःच्या जातभाईलाही गिळतो. व्हाइट्स ट्री फ्रॉग चेहऱ्याने कितीही भोळा वाटला तरी छोटी पाल दिसली की सोडत नाही. गार्टर साप निसर्गातही बेडूक खाऊन जगतात, तेव्हा त्यांच्या पेटीत सोडलेला बेडूक म्हणजे वाढलेलं ताट. पाण्यातल्या कासवाबरोबर तर मी काहीच ठेवणार नाही. आज त्याने न्यूटकडे (शेपटीवाल्या, पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराकडे) पाहिलं नाही म्हणून उद्याही पाहणार नाही, असं नसतं. मापाचा हिशेब करताना आजचं माप धरू नका, दोघांचं पूर्ण वाढीनंतरचं माप धरा.

दुसरी कसोटी विषाची. फायर-बेलीड टोडच्या कातडीतून झिरपणारा स्राव त्याला स्वतःला बाधत नाही, पण त्याच पाण्यात राहणाऱ्या दुसऱ्या बेडकांना आणि न्यूटना बाधतो. उत्तर अमेरिकेतल्या टॅरिका न्यूटच्या अंगात तर टेट्रोडोटॉक्सिन असतं, म्हणजे पफर माशातलंच विष. केन टोडला तोंडात धरणारा सरडा किंवा साप अनेकदा मरतो. डार्ट फ्रॉगची गोष्ट उलटी आहे. त्याचं विष तो निसर्गात खातो त्या मुंग्या आणि माइट्स यांच्यापासून येतं. पेटीत जन्मून फळमाश्यांवर वाढलेला डार्ट फ्रॉग बिनविषारी असतो. जंगलातून पकडलेल्याच्या अंगात मात्र ते विष दीर्घकाळ टिकू शकतं. कुठलाच प्राणी जंगलातून पकडलेला घेऊ नये, याचं हे एक कारण. बाकीची कारणं पुढे आलीच आहेत.

तिसरी कसोटी जंतूंची. लोक इथेच सर्वांत जास्त फसतात, कारण डोळ्यांना काहीच दिसत नाही. एका प्रजातीने पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पाडलेला जंतू दुसरीला मारतो. एंटामिबा इन्व्हेडन्स हा अमिबा बऱ्याच कासवांच्या आतड्यात निमूटपणे राहतो. तोच साप किंवा सरड्याच्या पोटात गेला तर आतडं सडवतो. जमिनीवरच्या कासवांतही हेच: एका प्रजातीला न जाणवणारा नागीण गटातला विषाणू, म्हणजे हर्पिस, तिच्या जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या प्रजातीचा जीव घेतो. दोन्ही कासवंच तर आहेत, असं म्हणून ती एकत्र ठेवणं म्हणूनच महागात पडतं. उभयचरांचा कायट्रिड बुरशीचा रोग सगळ्यांनी ऐकलेला आहे. त्या बुरशीचं वर्णन १९९९ साली झालं. तिची दुसरी प्रजाती, सॅलॅमँडरना म्हणजे न्यूटच्या शेपटीवाल्या भाऊबंदांना मारणारी, २०१३ साली वर्णिली गेली. नेदरलँड्समधल्या फायर सॅलॅमँडरची संख्या तिने होत्याची नव्हती केली होती. आशियातले काही न्यूट हीच बुरशी अंगावर घेऊन धडधाकट फिरतात. राणाव्हायरस तर मासे, बेडूक आणि कासवं अशा तिन्ही घरांत शिरतो.

म्हणूनच अनुभवी लोक सांगतात की एकाच प्रदेशातल्या प्रजाती निवडा. एका प्रदेशातले प्राणी एकमेकांचे मित्र असतात म्हणून नव्हे, तर त्यांची एकमेकांच्या जंतूंशी थोडीफार ओळख झालेली असते म्हणून. हा नियम मोडायचाच असेल, तर पेटीत जन्मलेलेच प्राणी घ्या आणि तपासणीत कसूर करू नका.

चौथी कसोटी नात्याची, आणि ती जरा अनपेक्षित आहे. फार जवळचे नातेवाईकही नकोत. डेंड्रोबेटिस या एकाच वंशातले दोन रंगीत डार्ट फ्रॉग एकत्र ठेवले तर त्यांचा संकर होऊ शकतो, आणि ती पिल्लं पुढे कुणाच्या हाती कोणत्या नावाने जातील याचा पत्ता राहत नाही. शिवाय एकाच कोनाड्यासाठी, एकाच प्रकारच्या पानासाठी भांडणं. दोन प्रजातींनी पेटीचे वेगवेगळे मजले वापरले पाहिजेत.

कागदावर दोन रकाने

प्राणी घेण्याआधी एक कागद घ्या आणि दोन रकाने आखा. प्रत्येक प्रजातीपुढे लिहा: दिवसाचं तापमान, रात्रीचं तापमान, आर्द्रता, अतिनील प्रकाशाची गरज, खाणं, जागं असण्याची वेळ, पेटीतली आवडती उंची. मग दोघांचा सामाईक पट्टा काढा. हा पट्टा दोघांच्याही पट्ट्याच्या मध्यावर पडला पाहिजे. एकाच्या कमाल मर्यादेवर दुसऱ्याची किमान मर्यादा टेकत असेल, तर दोघंही कायम अस्वस्थ राहतील.

बिअर्डेड ड्रॅगनला ऊन खायच्या जागी सुमारे ४० अंश सेल्सिअस लागतं. क्रेस्टेड गेको २८ अंशांच्या वर त्रासू लागते. अॅक्सोलोटलला (पाण्यातच राहणारा सॅलॅमँडर) १६ ते १८ अंशांचं थंड पाणी हवं. यांचा मेळ कोणत्याही पेटीत बसणार नाही, कितीही मोठी घेतली तरी. प्रकाशासाठी फर्ग्युसन झोन उपयोगी पडतात. २०१० साली मांडलेल्या या पद्धतीत सरपटणाऱ्या प्राण्यांची चार गटांत विभागणी आहे, सावलीत राहणाऱ्यांपासून भर उन्हात बसणाऱ्यांपर्यंत. दोन्ही प्राणी एकाच किंवा शेजारच्या झोनमधले असावेत. पहिल्या झोनमधला बेडूक आणि चौथ्या झोनमधला सरडा यांची गाठ घालू नये.

एक मोह मात्र जवळपास सगळ्यांना होतो, आणि मलाही झाला होता. एक दिवसा जागा, दुसरा रात्री, म्हणजे पेटीत दोन पाळ्या चालतील आणि कुणाची कुणाला अडचण होणार नाही, असं वाटतं. मी ग्रीन अॅनोल हा छोटा सरडा आणि ग्रीन ट्री फ्रॉग हा बेडूक एकत्र ठेवले होते. दोघंही अमेरिकेच्या आग्नेय भागातले, दोघंही हिरवे, दोघंही झाडावरचे. कागदावर जोडी झकास होती. पहिले तीन आठवडे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला पेटी दाखवत होतो. चौथ्या आठवड्यात एका रात्री लाल टॉर्च घेऊन पाहत बसलो. अॅनोल पानावर लांबट होऊन झोपलेला. बेडूक काचेवरून उडी मारून थेट त्याच्या पानावर आला. पान वाकलं, अॅनोल दचकून खाली पडला, अंधारात चाचपडत दुसऱ्या फांदीवर चढला. तासाभरात हे तीनदा झालं. दुसऱ्या दिवशी वजन केलं तर ५.१ ग्रॅमचा अॅनोल ४.३ ग्रॅमवर आला होता. तो खात होता, पण झोपत नव्हता. आणि दिवसा अॅनोल उन्हाच्या दिव्याकडे जाता-येता झोपलेल्या बेडकाला तुडवत होता, हे माझ्या डोळ्यांदेखत घडत असूनही मला दिसलं नव्हतं. पाळ्या वेगळ्या असल्या तरी पलंग एकच होता. त्याच दिवशी दोघांना वेगळं केलं.

तेव्हा दिवस-रात्रीच्या पाळ्यांवर भरवसा ठेवायचा असेल तर झोपायच्या जागा वेगळ्या उंचीवर आणि वेगळ्या प्रकारच्या आहेत ना, हे आधी बघा. एक जमिनीवर पालापाचोळ्याखाली झोपतो आणि दुसरी वर सालीच्या फटीत, असं असेल तर जमतं.

एक चालणारी जोडी

पुढच्या पायऱ्या एका ठोस जोडीवर समजावून सांगतो: काळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेला डार्ट फ्रॉग, म्हणजे डेंड्रोबेटिस ल्युकोमेलास, आणि मॉर्निंग गेको ही छोटी पाल. (नावातलं मॉर्निंग सकाळचं नव्हे, शोकाचं.) बेडूक दक्षिण अमेरिकेतला, दिवसा जागा, बहुतेक वेळ जमिनीवर, तीन-चार सेंटिमीटरचा. पाल हिंदी-प्रशांत महासागरांच्या किनाऱ्यांवरची, रात्री जागी, वरच्या मजल्यावर राहणारी, शेपटीसकट आठ-दहा सेंटिमीटरची आणि अंगाने सडपातळ. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या तोंडात मावत नाही. प्रदेश एक नाही, हा या जोडीतला कच्चा दुवा आहे आणि तो मी झाकणार नाही. तपासणीवर मी एवढा भर देतो तो त्याचमुळे.

सामाईक पट्टा: दिवसा २४ ते २६ अंश, रात्री २० ते २२, आर्द्रता ७० ते ८० टक्के. पारा ३० अंशांवर गेला की डार्ट फ्रॉगच्या जिवावर बेततं, हे लक्षात ठेवा. उकाड्याच्या दिवसांत खोली थंड ठेवता येत नसेल तर ही जोडी तुमच्यासाठी नाही.

दोन्ही प्राणी ठेवायला तुमच्याकडचा कायदा परवानगी देतो का, हे पैसे देण्याआधी बघा. डार्ट फ्रॉग साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, तेव्हा सीमेपलीकडून आणताना कागदपत्रं लागतात. स्थानिक रानातले बेडूक किंवा पाली पकडून पेटीत टाकण्याचा तर प्रश्नच नाही.

क्वारंटाइन, ९० दिवस

दोन साध्या पेट्या, शक्यतो दोन वेगळ्या खोल्यांत. तळाला ओला टिश्यू पेपर, एक-दोन लपायच्या जागा, एखादं कुंडीतलं रोप. माती नको, सजावट नको. विष्ठा दिसली पाहिजे, हा यामागचा मुख्य हेतू. चिमटे, बाटल्या, पाण्याची भांडी प्रत्येक पेटीची वेगळी. एका पेटीचं काम आटोपलं की हातमोजे बदला. बेडकाला हात लावायचा तर बिनपावडरचे, पाण्याने ओले केलेले हातमोजे घाला.

या तीन महिन्यांत विष्ठेचे निदान तीन नमुने, काही आठवड्यांच्या अंतराने, तपासून घ्या. एका नमुन्यावर विसंबू नका, कारण क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी रोज बाहेर पडत नाहीत. बेडकांच्या कातडीवरून स्वॅब घेऊन कायट्रिड आणि राणाव्हायरसची पीसीआर चाचणी करता येते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आधी शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर कितीही चांगला असला तरी दोन ग्रॅमच्या पालीपुढे तोही गोंधळतो.

थोडे जंत प्रत्येकाच्या पोटात असतात, त्याने घाबरायचं नाही. रानात प्राणी पुढे निघून जातो आणि विष्ठा मागे राहते. पेटीत तो त्याच मातीवर पुन्हा पुन्हा चालतो आणि स्वतःच्याच जंतांची अंडी गिळतो. दोन प्रजाती असल्या की हे चक्र दुपटीने फिरतं. म्हणून पशुवैद्य सांगेल ते औषध इथेच देऊन टाका.

क्रिप्टो सापडला तर एकत्र ठेवायचा बेत रद्द. त्यावर खात्रीचा उपाय नाही आणि साध्या ब्लीचने त्याची बीजं मरत नाहीत.

मोठी पेटी आताच बांधा

क्वारंटाइन चालू असतानाच मोठी पेटी तयार करून रिकामी चालवायची. तीन-चार बेडूक आणि तीन पाली यांच्यासाठी मी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ६० उंच यापेक्षा लहान पेटी घेणार नाही. एका प्रजातीसाठी सांगितलेलं किमान माप दोघांना पुरतं, ही समजूत चुकीची आहे. दोन्हींची मापं मिळवा आणि वर थोडी जागा सोडा.

तळाला चार-पाच सेंटिमीटर भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या, त्यावर बारीक जाळी, त्यावर सहा-आठ सेंटिमीटर मातीचं मिश्रण: नारळाचा भुसा, सालीचे तुकडे, थोडा कोळसा, शेवाळ. खत घातलेली कुंडीची माती वापरू नका. कोपऱ्यात एक नळी उभी रोवून ठेवा, म्हणजे तळाला साचलेलं पाणी तिच्यातून ओढून काढता येतं. ही नळी मी पहिल्या पेटीत लावली नव्हती आणि वर्षभराने सगळी पेटी उपसावी लागली होती.

वर दोन-तीन सेंटिमीटर सुका पालापाचोळा, कीटकनाशक न मारलेल्या झाडांचा, उकळून घेतलेला. मातीत स्प्रिंगटेल आणि बुटके पांढरे आयसोपॉड हे मातीतले बारीक जीव सोडा, ते विष्ठा आणि बुरशी फस्त करतात. पॉर्सेलिओसारखे मोठे, खादाड आयसोपॉड नकोत. प्रथिनं कमी पडली की ते शांत बसलेल्या प्राण्यालाही कुरतडू शकतात.

आता मजले. खाली बेडकांसाठी नारळाच्या करवंट्या, रुंद पानांची झुडपं, एक उथळ पाण्याची ताटली. वर पालींसाठी बांबूच्या पोकळ नळ्या, कॉर्क झाडाच्या सालीचे उभे तुकडे, मागच्या काचेला चिकटवलेली साल. प्रत्येक प्राण्यामागे लपायच्या किमान दोन जागा मोजून ठेवा. मोकळी, सगळीकडून दिसणारी पेटी फोटोत छान दिसते, पण दबलेल्या प्राण्याला नजरेआड व्हायला तिथे जागा नसते. पेटीच्या मध्यभागी दाट झाडी असावी, एका टोकावरून दुसरं टोक दिसू नये.

दिवे वर, जाळीच्या बाहेर. काचेतून यूव्हीबी (अतिनील प्रकाशातला प्राण्यांना लागणारा भाग) जवळजवळ येतच नाही, आणि धातूच्या जाळीतही त्याचा बराचसा भाग अडतो. त्यामुळे दिव्याखालच्या छतात काच नसून जाळी हवी, आणि मोजमाप जाळीखाली घ्यायचं. वरच्या फांदीवर अतिनील निर्देशांक सुमारे ०.७ ते १, आणि खाली पानांच्या सावलीत शून्याच्या आसपास, असा उतार जमला की दोघंही आपापली जागा निवडतात. दिव्याची नळी उजळ दिसत असली तरी तिचं यूव्हीबी आधीच ओसरतं, म्हणून वर्षाने बदला. उष्णता लागलीच तर थर्मोस्टॅटशिवाय काहीही लावू नका, आणि तापमापक दोन ठेवा, एक वर आणि एक मातीलगत.

पेटी सहा ते आठ आठवडे रिकामी चालवा. झाडं मुळं धरतात, स्प्रिंगटेल वाढतात, आणि आर्द्रता कुठे उतरते, कुठे साचते हे कळतं. या काळात रात्री खोलीतला दिवा बंद करून पेटीत टॉर्च लावा आणि फटी शोधा. मॉर्निंग गेकोची पिल्लं दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून निसटतात. दाराच्या दोन काचांमधली फट तर हमखास विसरली जाते.

पाण्याचं प्रकरण

याला वेगळी जागा देतोय, कारण बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषून घेतो. वरून पाल विष्ठा टाकते, ती काचेवरून ओघळत ताटलीत येते, आणि बेडूक त्याच पाण्यात बसतो. म्हणजे पालीच्या पोटातलं जे काही आहे ते थेट त्याच्या कातडीला लागतं. ताटली रोज उकळत्या पाण्याने धुवायची, एक दिवसाआड नव्हे. ताटलीच्या बरोबर वर फांदी किंवा बांबू ठेवू नका.

नळाचं पाणी भांड्यात रात्रभर ठेवलं की क्लोरीन उडून जातं. पण पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते तसं उडत नाही, त्यासाठी क्लोरीन काढणारं द्रावण लागतं. फवारणीसाठी कमी क्षारांचं पाणी वापरा, नाहीतर काचेवर पांढरे डाग आणि झाडांच्या पानांवर थर.

सोडण्याचा क्रम

जो बुजरा, तो आधी. डार्ट फ्रॉग दिवसा उघड्यावर वावरत असले तरी नव्या जागेत लाजतात. त्यांना आधी सोडा आणि चार आठवडे एकटं राहू द्या. ते दिवसा मोकळेपणाने फिरायला लागले, खाण्यावर तुटून पडू लागले, की मग पाली सोडा. त्याही संध्याकाळी, दिवे मालवण्याच्या बेताला. आधी पोट भरून, मगच आत.

पहिल्या तीन दिवसांत फवारणी, खाणं आणि पाण्याची ताटली यांशिवाय पेटीत हात घालू नका. बघत मात्र बसा. संध्याकाळचा अर्धा तास, जेव्हा बेडूक झोपायला निघतात आणि पाली उठतात, तो सर्वांत जास्त सांगून जातो. त्या वेळी दोघं एकमेकांसमोर येतात. पालीने बेडकाला बघून वाट बदलली तर ठीक. बेडकाने तिला बघून करवंटीत घुसणं आणि दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत बाहेर न येणं, हे ठीक नाही.

खाणं

दोघांची ताटं वेगळ्या मजल्यावर. पालींसाठी फळांची तयार पूड पाण्यात कालवून, छोट्या वाटीत, वरच्या तिसऱ्या भागात काचेला चिकटवलेली, आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी. ती सकाळी काढून घ्यायची, कारण फळमाश्या तिच्यावर गोळा होतात आणि मग बेडूक उड्या मारून चिकट होतात. बेडकांसाठी न उडणाऱ्या फळमाश्या, सकाळी, जमिनीवर. पालापाचोळ्यावर केळ्याचा एक काप ठेवला की माश्या तिथेच घुटमळतात आणि सगळे बेडूक त्याभोवती जमतात. मग मोजणंही सोपं जातं: किती बेडूक आले, कोण मागे राहिला.

माश्या प्रत्येक वेळी कॅल्शिअमच्या पुडीत घोळवा. बेडकांना तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्वही लागतं. ते कमी पडलं की जीभ नीट चिकटत नाही, बेडूक नेम धरतो आणि हुकतो. महिन्यातून एक-दोनदा त्याची पूड पुरे, जास्त झालं तर तेही घातक. पेटीत रातकिडे मोकळे सोडू नका. न खाल्लेले रातकिडे रात्री झोपलेल्या प्राण्याची कातडी कुरतडतात.

वजन, आणि खरा हिशेब

एकत्र पेटीत सगळे दिसतात, सगळे ठीक वाटतात. खरं काय ते वजन सांगतं. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, खाण्याआधी. घरगुती काट्यावर हे जमत नाही. मॉर्निंग गेकोचं वजन जेमतेम दोन ग्रॅम असतं, म्हणजे दहा टक्के घट फक्त ०.२ ग्रॅमची. त्यासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. झाकणाचा छोटा डबा काट्यावर ठेवून शून्य करा, प्राण्याला डब्यात घ्या, झाकण लावा, आकडा लिहा. पालीला शेपटीने धरू नका, ती शेपूट टाकून पळते. बेडकांच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात. पहिल्याच दिवशी फोटो काढून नावं द्या, म्हणजे कोण घटतोय हे कळेल. नुसती सरासरी काढली तर धष्टपुष्टांच्या आड एक उपाशी लपून राहतो.

दहा टक्के घटलं की वाट पाहायची नाही, त्याला त्याच्या साध्या पेटीत हलवायचं. वजन न करताही काही खुणा दिसतात. बेडूक दिवसभर पाण्यातच बसतो, पोटाखालची कातडी लाल पडते, कात वारंवार आणि तुकड्या-तुकड्यांत निघते, उलटा केल्यावर सरळ होत नाही: ही कायट्रिडची लक्षणं असू शकतात, थेट पशुवैद्याकडे. पालीच्या शेपटीची जाडी कमी होते, डोळे खोल जातात, बोटांवर जुनी कात अडकून राहते, वर राहणारी पाल जमिनीवर येऊन बसते. शेवटची खूण मी सगळ्यांत गंभीर मानतो. प्राणी आपला मजला सोडतो तेव्हा वर कुणीतरी त्याला टिकू देत नसतं, किंवा चढण्याइतकी ताकद उरलेली नसते.

पालींच्या संख्येवरही लक्ष ठेवा. मॉर्निंग गेकोच्या माद्यांना नर लागत नाही. एकटी मादी दोन-दोन अंडी घालत राहते, ती सालीच्या मागे, काचेच्या कोपऱ्यात घट्ट चिकटवते. तीन पालींच्या वर्षभरात वीस होऊ शकतात, आणि मग तुम्ही काढलेला सगळा जागेचा हिशेब कोलमडतो. दर पंधरवड्याला अंडी शोधा, ताजी असतानाच काढून फ्रीजरमध्ये टाका. हे ज्याला जमणार नाही त्याने पिल्लांची सोय आधी ठरवावी.

वेगळं करायची वेळ

कुणाला हलवायचं? आजारी असेल तर त्याला. भांडण असेल तर दबलेल्याला आधी हलवावं, असं मन म्हणतं आणि पहिल्या रात्रीपुरतं ते बरोबरही आहे. पण त्यानंतर ज्या प्रजातीची संख्या जास्त झाली आहे किंवा जी दुसऱ्याची जागा खाते, तिला पूर्ण बाहेर काढा. मोठी पेटी एका प्रजातीची होऊन जाऊ दे. त्यात काही हरलं नाही.

संसर्ग निघाला तर प्रकरण अवघड आहे. मातीच्या, जिवंत झाडांच्या पेटीचं निर्जंतुकीकरण करता येत नाही. माती, पालापाचोळा, साल, झाडं सगळं पिशवीत बांधून फेकायचं, खताच्या ढिगात किंवा बागेत टाकायचं नाही, नाहीतर तोच जंतू बाहेरच्या बेडकांपर्यंत जाईल. काच आणि भांडी आधी साबणाने घासून, मग ब्लीचच्या द्रावणाने धुवून, भरपूर पाण्याने खळखळून, पूर्ण वाळू द्यायची. आत राहिलेले दोन्ही बाजूंचे सगळे प्राणी, धडधाकट दिसणारेही, संशयित धरायचे आणि साध्या पेट्यांत टिश्यू पेपरवर आणायचे. त्यांच्या पेटीत हात घातल्यावर हात साबणाने धुणं तर रोजचंच आहे, कारण यातले बरेच प्राणी साल्मोनेला बाळगतात.

बरा झालेला प्राणी पुन्हा मोठ्या पेटीत सोडायचा असेल तर नव्या प्राण्यासारखंच त्याला मोजा: पुन्हा ९० दिवस, पुन्हा तीन नमुने. आणि तोपर्यंत त्याची साधी पेटी दुसऱ्या कुणाला देऊ नका.